दोन व्याही आणि एक थांबलेली गाडी

बिटर क्रीक, मॉन्टाना
८ ऑक्टोबर १९९६

प्रिय लेओंस व्याही,

आम्ही सुखरूप पोचलो. आर्लिसचे गुडघे आणि माझी अब्रू सोडली तर बाकी सगळं सामान शाबूत आहे.

लिहू की नको, असा बरेच दिवस विचार केला. आर्लिस म्हणाली, "ऑर्विल, पोरीचं लग्न व्हायचंय. जिभेला गाठ मार." मारली. हाताला मारायची राहिली, म्हणून हे पत्र.

मी चाळीस वर्षं इंजिन चालवलं. मालगाडीचं, पण इंजिनच. गव्हाच्या अशा गाड्या ओढल्या, की माझी कॉफी पुढच्या गावात पिऊन व्हायची तेव्हा शेवटचा डबा मागच्या गावाचा निरोप घेत असायचा. तेव्हा रेल्वे काय असते हे मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे लांबची गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की माणसं खाली उतरतात. पाय मोकळे करतात, सिगारेट ओढतात, कुत्रं फिरवून आणतात. मग गार्ड दारात उभा राहून बोंब ठोकतो, "चला, चढा!" आणि माणसं चढतात. ही आमच्या आजोबांपासूनची रीत आहे.

साखरपुड्याला तुमच्याकडे येताना ल क्रूझोच्या स्टेशनात तुमची ती बाणासारखी गाडी थांबली. मी उतरलो. बूट काढून ठेवले होते, कारण इतक्या वेगाने पाय सुजतात. (आर्लिस म्हणते, वेगाने नाही, दुपारच्या सॉसेजने.) एक शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, कुणी कुत्र्याला बोलावतंय. पाहतो तर दारं बंद! कुणी ओरडलं नाही, काही नाही. मी हरणांची नक्षी असलेल्या मोज्यांत धावतोय आणि काचेच्या आत कोण? माझे व्याही. डोक्यावर आणीबाणीचा लाल दांडा, मनगटावर घड्याळ. तुम्ही दांड्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि शेवटी घड्याळात पाहिलंत!

पुढे मी शेतातल्या त्या स्टेशनात पांढऱ्या गाईंच्या सोबतीने बसलो, आणि साखरपुड्याच्या जेवणाला पोचलो तेव्हा फक्त चीज उरलं होतं. तेसुद्धा वासाचं.

माझी एवढीच अपेक्षा आहे: "चुकलं" असं एक वाक्य लिहा. विषय मिटला.

तुमचा,
ऑर्विल टॉर्गर्सन

*

व्हालाँस, फ्रान्स
२९ ऑक्टोबर १९९६

प्रिय ऑर्विल व्याही,

(भाषांतर मी करते आहे. त्यांचं इंग्रजी खाटिकाच्या दुकानापुरतं आहे. — ओदेत)

तुमचं पत्र मिळालं. माझं काहीही चुकलेलं नाही.

लाल दांडा आगीसाठी असतो. तुम्ही पेटला नव्हता. तुम्ही मोज्यांत होता, आणि मोजे ही आणीबाणी नव्हे. (इथे आणखी एक वाक्य होतं. मी गाळलं. — ओदेत)

आमची गाडी सुटण्याआधीच दारं बंद होतात. हे लहान पोरांनाही माहीत असतं. मागून दुसरी गाडी तितक्याच वेगाने येत असते, आणि तिच्या मागे तिसरी. एका माणसाच्या पायांसाठी मी दांडा ओढला असता, तर मार्सेपर्यंतच्या लोकांचं जेवण निवलं असतं. मी तीस वर्षं गाड्या हाकल्या. माझ्यामुळे एकही गाडी एक मिनिटही उशिरा पोचलेली नाही. थडग्यावर तेवढंच लिहा, असं मी ओदेतला सांगून ठेवलं आहे. (मी "बघू" म्हटलं आहे. — ओदेत)

आणि आमच्याकडे गार्ड बोंब मारत नाही, कारण तशी गरज पडत नाही. फलाटावर घड्याळं असतात.

आता कामाचं. बास्तियाँचं पत्र आलं. गव्हाचा अभ्यास करायला म्हणून तुमच्याकडे गेलेला माझा एकुलता एक मुलगा तुमच्या कारीशी लग्न करून तिथेच राहणार, हे मी आता मान्य केलं आहे. लग्न जूनच्या चौदा तारखेला दुपारी दोन वाजता, तुमच्या गावच्या चर्चमध्ये. ठीक. मी येईन. पण शिकागोपासून पुढे विमानाने येणार नाही. वेगवान गाड्यांनी विमानांचे प्रवासी पळवण्यात माझं आयुष्य गेलं, आता त्यांच्यात बसून मी त्यांची भरती करणार नाही. वेळापत्रक मागवलं आहे. तुमच्याकडची गाडी त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला बिटर क्रीकला पोचते. तोंड धुवायला, कपडे बदलायला आणि तुमच्याशी न भांडायला पुरेसा वेळ आहे.

आपला,
लेओंस ग्रीवो

*

बिटर क्रीक
१९ जानेवारी १९९७

प्रिय व्याहीबुवा,

"चुकलं" लिहू नका. राहू द्या. पण हे मात्र ऐका, कारण आता माझा नाही, पोरांचा प्रश्न आहे.

त्याच दिवशीच्या गाडीने येऊ नका! दोन दिवस आधी या. तीन दिवस आधी आलात तर आणखी बरं. आर्लिस खोली आवरून ठेवेल.

तुमच्या हातात जे आहे त्याला आम्हीही वेळापत्रकच म्हणतो, पण आम्ही ते आशीर्वादासारखं वाचतो. लागला तर लागला. मागच्या आठवड्यात आमचा शेजारी लोवेल मुलीला आणायला स्टेशनात गेला. गाडी आली. तो खूश झाला, चक्क वेळेवर! मग कळलं, ती कालची होती.

तुम्ही हसाल. हसा. तुमचा फ्रान्स आमच्या नकाशावर ठेवला तर दोन राज्यांतच संपतो. आमची गाडी शिकागोहून निघून समुद्रापर्यंत जाते, मध्ये बर्फ, पूर, म्हशीएवढी हरणं. आणि रूळ मालगाड्यांच्या मालकांचे. प्रवासी गाडी म्हणजे आमच्याकडे लांबची आत्या: आली की चहा देतात, पण घरचं काम थांबवत नाहीत.

आता नीट वाचा. आमच्या पाद्रीबाबांकडे तीन गावांची तीन चर्च आहेत. ते दोनला उभे राहतील, अडीचला निघतील, कारण चारला त्यांचं दुसऱ्या गावी बारसं आहे. कारी म्हणते, "बाबा, तुमच्या दोघांच्या गाड्यांच्या भांडणापायी आमच्या साखरपुड्याचं जेवण गेलं. लग्न दोनला लागेल. ज्याचा बाप नसेल त्याचा नसेल." बास्तियाँ शेजारीच उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. तुमचा मुलगा आहे, तुम्हीच काय ते ओळखा.

ऑर्विल

*

व्हालाँस
१७ फेब्रुवारी १९९७

प्रिय ऑर्विल व्याही,

गाडी बाराला पोचते असं छापलं आहे, आणि मी दोन दिवस आधी येऊ? म्हणजे छापणाऱ्याला खोटा म्हणू? एका रेल्वेवाल्याने दुसऱ्या रेल्वेवाल्याचा असा अपमान करू नये. तुम्ही स्वतःच्या देशाच्या रेल्वेबद्दल असं लिहिता याचं मला वाईट वाटलं.

मी वेळापत्रकावर विश्वास ठेवून येईन. आपल्यापैकी कुणीतरी तो ठेवायला हवा.

आपला,
लेओंस

(मी आणि माझी बहीण विमानाने आठवडाभर आधी येतो आहोत. यांना मी सांगून पाहिलं, रडून पाहिलं, यांच्या आवडीचं सशाचं कालवण करूनही पाहिलं. पन्नाशीत पेन्शन मिळालेल्या पुरुषाशी वाद घालता येत नाही, त्याला दिवसभर वेळ असतो. विहीणबाईंना म्हणावं, खोली एकच लागेल. — ओदेत)

*

गाडीत, १३ व १४ जून १९९७

प्रिय ऑर्विल व्याही,

ओदेत जवळ नाही. हे मी शब्दकोश घेऊन स्वतः लिहितो आहे. स्टेशनात तुमच्या हातात देईन, म्हणजे तुमचं तोंड बघता येईल.

शिकागोहून गाडी वेळेवर सुटली! बरोबर वेळेवर! तुम्ही सगळे जन्मजात निराशावादी आहात.

रात्रीचं जेवण. इथे जेवणाच्या डब्यात आपल्याला परक्या माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवतात. मी म्हटलं, "मला एकट्याला बसायचं आहे." वाढपी म्हणाला, "काका, एकट्याला काय करायचंय? बसा." माझ्यासमोर दाताचे डॉक्टर आणि त्यांच्या बाई, शेजारी एक शेतकरी. सूपपर्यंत मी गप्प होतो. शेवटच्या गोड पदार्थापर्यंत त्यांना बास्तियाँच्या गोवराबद्दलसुद्धा माहीत झालं होतं. बाईंनी मला टाय कोणता बांधावा ते सांगितलं. आमच्या गाडीत शेजारचा माणूस मेला, तर उतरताना कळतं.

सकाळ. आम्ही उभे आहोत. का, ते कुणी विचारत नाही.

अजून उभे आहोत. शेजारच्या रुळावरून मालगाडी जाते आहे. मी डबे मोजायला सुरुवात केली होती, ते सोडून दाढी करून आलो. ती अजून जातेच आहे. गार्डबाईंचं नाव डार्ला. मी विचारलं, "माणसं महत्त्वाची की गहू? मालगाडी बाजूला का उभी करत नाही?" त्या म्हणाल्या, "ती मावत नाही हो बाजूच्या लाइनीत. आपण मावतो."

मी तीस वर्षांत असं उत्तर ऐकलं नव्हतं.

दुपार. पुन्हा उभे. शेतकरी शेजारी येऊन बसला आहे. म्हणतो, ते समोर क्षितिजावर दिसताहेत ना, ते बिटर क्रीकचे धान्याचे मनोरे. इतके स्पष्ट दिसतात की वाटतं हात लांब करावा. मी न्हाणीघरात जाऊन सूट घालून आलो. डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग डार्लाबाईंनी सांगितलं: ड्रायव्हरचे आणि त्यांचे स्वतःचे कामाचे तास संपले. कायद्याने ते आता गाडी पुढे नेऊ शकत नाहीत. दुसरी माणसं मोटारीने येतील, तोवर गाडी इथेच. मी म्हटलं, "गाव दिसतंय!" त्या म्हणाल्या, "दिसतं हो. इथे सगळंच दिसतं."

मी म्हटलं, मला उतरू द्या, चालत जातो. त्या म्हणाल्या, स्टेशन नाही, परवानगी नाही. नियम बरोबर आहे. मीही उतरू दिलं नसतं. दमलेल्या माणसाने गाडी हाकू नये, हाही नियम बरोबर आहे. सगळे नियम बरोबर आहेत आणि मी चुकीच्या जागी बसलो आहे.

व्याही, एक सांगतो. बास्तियाँच्या शाळेतल्या एकाही नाटकाला मी वेळेवर पोचलो नाही. लोकांना वेळेवर पोचवत होतो. एका नाटकात तो झाड झाला होता. मी पोचलो तेव्हा झाड कपडे बदलून पायरीवर बसलं होतं. म्हणालं, "बाबा, तुमची गाडी वेळेवर आली ना?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग बरं."

दीड वाजून गेला आहे. शेतकरी मला चॉकलेट देतो आहे.

मातीच्या रस्त्याने धूळ उडवत एक पांढरी व्हॅन येते आहे. चालवणाऱ्याने टाय लावला आहे. आमच्याकडे कामाच्या मोटारीचे ड्रायव्हर टाय

*

बिटर क्रीक
६ जुलै १९९७

प्रिय व्याहीबुवा,

तुम्ही अर्धवट सोडलेलं पत्र माझ्या कोटाच्या खिशात सापडलं. आर्लिसला वाचून दाखवलं. झाडाच्या ठिकाणी तिने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "बघतोस काय, कांदा चिरतेय." कांदा नव्हता.

पोरं मजेत आहेत. बास्तियाँ लेफ्से, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायला शिकला. त्याच्या कडा अगदी तुमच्या देशाच्या नकाशासारख्या येतात, पण चव बरी असते.

आता अडचणीचं. व्हॅनच्या कंपनीच्या साहेबाने मला बोलावलं होतं. निवृत्तीनंतर मी ही रेल्वेच्या माणसांची ने-आण करणारी व्हॅन चालवतो, आर्लिसच्या पायात येऊ नये म्हणून. ते काम जाईल अशी चिन्हं आहेत. मी साहेबाला जे सांगितलं ते असं:

"लग्नाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात लावलेल्या रेल्वेच्या रेडिओवर ऐकलं, की गाडी गावाच्या अलीकडे अडकली आणि माणसांचे तास संपले. बदलीची माणसं, ड्वाइट आणि नोलन, यांना न्यायला दुसरा चालक मिळेना, तर मी म्हटलं, मीच नेतो. सूट घातलेला होता, पण व्हॅनला काय त्याचं. ड्वाइट आणि नोलन आदल्या रात्रीच्या पाळीनंतर आडवे झाले होते, त्यांना उठवून आणलं, ते मागच्या बाकावर परत झोपले. गाडीपाशी पोचलो. दारात माझे व्याही उभे. लग्नाचं सांगताच डार्लाने पायरी खाली केली, मी त्यांना ओढून पुढच्या सीटवर टाकलं, व्हॅन वळवली आणि चर्चकडे निघालो. ड्वाइट आणि नोलन मागच्या बाकावरच राहिले हे माझ्या लक्षातच आलं नाही. मुलीचं लग्न होतं, साहेब."

साहेब म्हणाला, "गाडीवरची माणसं हातवारे करत होती, ते दिसलं नाही?"

मी म्हटलं, "दिसलं. डार्ला होती, ड्रायव्हर होता, जेवणाच्या डब्यातला वाढपीही होता. सगळे दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होते. मला वाटलं, लग्नाच्या शुभेच्छा देताहेत. किती भली माणसं! मी उत्तर म्हणून हॉर्नही वाजवला."

साहेबाने तेही लिहून घेतलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाद्रीबाबा नवऱ्यामुलाला "आजन्म सांभाळशील?" असं विचारतात तेवढ्यात ड्वाइट डोळे चोळत आत आला आणि विचारतो, "ऑर्विल, गाडी कुठाय?" त्यांना परत पोचवेपर्यंत त्यांनी दोन-दोन ताटं जेवून घेतली, आणि अख्खी गाडी त्या माळावर तेवढा वेळ नुसती उभी. मजा म्हणजे प्रवाशांपैकी एकानेही तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, नेहमीचंच आहे.

साहेबाला आता साक्षीदार हवा आहे. व्हॅनमध्ये जागा माणूस मी सोडून एकच होता. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता आणि मला आठवतं, तुम्ही एकदा मागे वळून पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं होतं. साहेबाला दोन ओळी लिहाल का, की ऑर्विल खरं बोलतोय?

आणि जाता जाता मलाही सांगा, व्याही. मागे काय दिसलं होतं?

तुमचा,
ऑर्विल

*

व्हालाँस
२८ जुलै १९९७

प्रिय ऑर्विल,

हेही पत्र शब्दकोश घेऊन स्वतःच लिहितो आहे. ओदेत बाजारात गेली आहे आणि ती जितका उशीर करेल तितकं बरं.

मागे दोन माणसं झोपली होती. पायाशी जेवणाचे डबे, मांडीवर कंदील आणि रेल्वेच्या पिशव्या. तीस वर्षं मी तशीच पिशवी घेऊन घराबाहेर पडलो. ती माणसं कोण आणि कुठे असायला हवीत, हे मला एका नजरेत कळलं. मग मी घड्याळ पाहिलं. मग समोर पाहिलं आणि तुम्हाला विचारलं, यंदा गव्हाचं पीक कसं आहे. तुम्ही अगदी सविस्तर सांगितलंत.

माझ्यामुळे एक गाडी जवळजवळ तासभर उशिरा गेली. प्रवाशांपैकी कुणीही तक्रार केली नाही हे वाचल्यापासून मला झोप लागत नाही. इतका मोठा गुन्हा आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही! निदान त्या दाताच्या डॉक्टरांनी तरी एखादं कडक पत्र लिहायला हवं होतं. असो. मी दारातून आत शिरलो तेव्हा बास्तियाँने वळून पाहिलं. पाद्रीबाबा अजून पुस्तक उघडत होते. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हसला. त्याचं हसू पाहिलं आणि तुमच्या देशातल्या सगळ्या गाड्या आहेत तिथे उभ्या राहिल्या तरी चालतील, असं मला वाटलं. हे कुणाला दाखवू नका.

आता त्या हातवाऱ्यांबद्दल. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवणं. मी आमच्या नियमांच्या पुस्तकात पाहिलं. शेजारचे जर्मन गृहस्थ रेल्वेत होते, त्यांना विचारलं. बास्तियाँकरवी तुमच्याकडच्या नियमांचं पुस्तकही मागवून घेतलं. तिन्हीकडे त्याचा एकच अर्थ आहे: असाल तिथे ताबडतोब थांबा. रेल्वेत नोकरीला लागणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

तुम्ही चाळीस वर्षं इंजिन चालवलंत, ऑर्विल. तुम्ही ते हात पाहिलेत, हॉर्न वाजवलात, आणि मग वेग वाढवलात. मी शेजारीच होतो.

साहेबाला लिहिलेलं पत्र सोबत जोडलं आहे. त्यात म्हटलं आहे, की मी तीस वर्षं रेल्वेच्या खुणा वाचण्यात घालवलेला माणूस असून, त्या दिवशी गाडीवरची माणसं आम्हाला लग्नाच्या हार्दिक शुभेच्छाच देत होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. खाली सही केली आहे आणि माझा जुना हुद्दाही लिहिला आहे.

तुमचा व्याही,
लेओंस